तंबोरा लावणारे खाँसाहेब

आमच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाने नवा तंबोरा घ्यायचे ठरविले आणि त्या एका ठरावावरून जेवढे मतभेद झाले, तेवढे स्नेहसंमेलनाच्या नाटकावरूनही कधी झाले नसतील. जुना तंबोरा दोन पावसाळ्यांत बाद झाला होता. मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने तारांना गंज चढतो, हे आम्ही गृहीतच धरले होते. पण आषाढात भोपळ्याला बुरशी आली, तबलीचा सांधा उकलला, तेव्हा डागडुजीचा विचार सोडून द्यावा लागला. आता नवा घ्यायचा तर चार तारांचा घ्यावा की पाच तारांचा? की तारांची कटकटच नको, विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी आणून मोकळे व्हावे?

पेटीच्या बाजूचे पुष्कळ होते. ती स्वस्त, तिला दमट हवेचे भय नाही आणि बटण फिरविले की हव्या त्या पट्टीत वाजते. १९७९ साली बंगळूरच्या राजनारायण यांनी असा पहिला तंबोरा तयार केला. आता तर तोच आवाज प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आहे. पाच तारांच्या बाजूने माझी एक मैत्रीण हिरीरीने भांडत होती. चार तारांत पंचम लावला की निषाद नाही आणि निषाद लावला की पंचम नाही. पाचवी तार असली की दोन्ही हाताशी राहतात, असा तिचा मुद्दा. आम्हांला गाणे शिकविणाऱ्या बाई मात्र चार तारांवर ठाम होत्या. कारण विचारले तर त्या कारण देत नसत. आधी मिरजेला जाऊन या, एवढेच सांगत.

मी स्वतः कोणत्या बाजूची होते? खरे सांगायचे तर पेटीच्या. दोन वर्षे मी भ्रमणध्वनीवरच्या तंबोऱ्याबरोबर रियाज करीत होते आणि आपला सूर पक्का झाला, अशी माझी समजूत होती. एका स्पर्धेत ऐन वेळी ते यंत्र बंद पडले. दोन आवर्तनांतच माझा षड्ज कुठल्या कुठे गेला. परीक्षकांनी काही म्हटले नाही, पण पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंनी मान खाली घातली ती वर केली नाही. तेव्हा मिरजेला कोण जाणार असे विचारल्यावर मी हात वर केला, तो काही केवळ सहलीच्या हौसेने नव्हे.

फोंडाघाट चढून कोल्हापूरमार्गे मिरजेला पोहोचेपर्यंत दुपार झाली. तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत शिरले की आधी वास येतो तो ओल्या लाकडाचा, लाखेचा आणि पॉलिशचा. दुकानांच्या माळ्यांवर कडू भोपळे टांगलेले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. शिकलगारांची ही घराणी मूळची हत्यारे घडविणारी, त्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या दुकानात वयस्क कारागिरांनी माझा प्रश्न ऐकून घेतला, उत्तर दिले नाही, आणि दर्ग्यात जाऊन आलीस का, असे उलट मलाच विचारले. मी गेले नव्हते. म्हणून आधी तिकडे गेले.

मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ज्यांची कबर आहे, त्या खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्याविषयी मला तोवर ठाऊक होते ते किराणा घराणे, भैरवीतली एक ठुमरी आणि फेटा बांधलेला, झुबकेदार मिशांचा एक फोटो, इतकेच. परतल्यावर त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिलेले जाडजूड चरित्र शोधून काढले, ध्वनिमुद्रिका ऐकल्या, बाईंकडून आठवणी काढून घेतल्या. त्यातून जे कळले ते येथे लिहिते आहे.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तरेकडच्या कैराना या गावी झाला. याच गावावरून घराण्याचे नाव किराणा पडले. वडील कालेखाँ आणि चुलते अब्दुल्लाखाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. घरात सारंगी होती, बीन होती. लहानपणी खाँसाहेबही सारंगी शिकले आणि बीनही वाजवीत. माझ्या मते त्यांच्या गाण्याची पाळेमुळे येथेच आहेत. सारंगीला पडदे नसतात. नखाची बाजू तारेला लावायची आणि सूर जिथे सापडेल तिथे थांबायचे. चुकले तर पडदा सांभाळून घेत नाही. असा ज्याचा हात लहानपणी घडला, त्याचा गळाही सूर शोधत जातो, सुरावर उडी मारीत नाही. खाँसाहेबांची आलापी ऐकताना नेमके हेच जाणवते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारात आले. दरबारी नोकरी, मान, बिदागी, सारे होते. पण तेथे त्यांची गाठ ताराबाई माने यांच्याशी पडली. ताराबाई सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या, राजघराण्याच्या नात्यातल्या. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि संसार मांडला. त्या काळात एका मुसलमान गवयाने आणि एका मराठा सरदारकन्येने असे करणे म्हणजे काय झाले असेल, याची कल्पना आज लग्नपत्रिकेतल्या एका नावावरून होणारी भांडणे पाहिली तरी येते. दरबार सुटला तो सुटलाच. पुढे सारे आयुष्य खाँसाहेबांना गावोगावच्या मैफलींवर काढावे लागले.

मिरजेला ते कसे स्थिरावले याची एक कथा तिथे अजून सांगतात. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन करुणा भाकली आणि ते बरे झाले. मग दर वर्षी उरुसाला तिथे येऊन गाण्याचा त्यांनी नेम धरला. कथा जशीच्या तशी घडली असेल-नसेल, नेम मात्र खरा. आणि मिरज त्यांना सोयीचेही होते. उत्तरेकडे मुंबई-पुणे, दक्षिणेकडे धारवाड-हुबळी आणि म्हैसूर. मध्ये हे रेल्वेचे जंक्शन. शिवाय चार पावलांवर तंबोरे करणारे! खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचा नाद होता. जवारी ते स्वतः काढीत, खुंटी सैल असली तर स्वतः बसवीत. मैफल ठरली की गायकाने गळ्याची काळजी घ्यावी हे आपण ऐकतो. हे गृहस्थ आधी तंबोऱ्याची काळजी घेत.

जवारी म्हणजे काय, हे मला मिरजेच्या त्या दुकानात कळले. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार असतो. तार तिच्यावर टेकते आणि कंप पावताना त्या उतारावर पुन्हापुन्हा घासते. तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवितात. तो केसभर पुढेमागे झाला की मघा मुकी वाटणारी तार एकाएकी गुंजू लागते. या घोडीचे शास्त्र चंद्रशेखर रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याला मांडले. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा युरोपीय शास्त्रज्ञांचा नियम होता. आमचा तंबोरा तो नियम मोडतो, असे रामन यांनी दाखविले. म्हणूनच खर्जाच्या एका तारेतून पंचम ऐकू येतो, त्याच्या वर गंधारही येतो. कोणी न लावलेला, आपोआप उमटणारा, म्हणून तो स्वयंभू गंधार.

पेटीच्या गंधाराची पट्टी दाबून पाहा. तो या स्वयंभू गंधारापेक्षा चढा आहे. आमच्या दशावताराच्या आणि भजनाच्या कानांना पेटीचाच गंधार खरा वाटतो, कारण आम्ही लहानपणापासून तोच ऐकत आलो. मला पहिल्यांदा तो फरक कळला तेव्हा दोन वर्षांचा रियाज डोळ्यांपुढून गेला.

खाँसाहेबांना हा फरक दाखवून देण्याची आवश्यकताच नव्हती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींच्या मोजमापाने झपाटलेले होते. तारेची लांबी मोजून कोणता स्वर नेमका कुठे आहे हे त्यांना ठरवायचे होते. पण मोजायला आधी स्वर तर हवा. तो त्यांना खाँसाहेबांच्या गळ्यात सापडला. खाँसाहेब गात, देवल तारेवर तो सूर मिळवीत आणि आकडे मांडीत. १९१० साली देवलांचे श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी हेच काम पुढे नेले आणि श्रुतींची एक पेटीही बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या श्रुतींवरून बराच वाद रंगला. पंडित भातखंडे यांना हे गणित पटत नव्हते. कोणाचे बरोबर होते, या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण गवई लोक आपली विद्या पडद्याआड ठेवीत त्या काळात एक उस्ताद आपला गळा मोजमापासाठी खुशाल पुढे करतो, ही गोष्ट मला त्या वादापेक्षा मोठी वाटते.

विद्या उघडी करण्याचा त्यांचा दुसरा प्रयत्न म्हणजे आर्य संगीत विद्यालय. १९१३ साली पुण्यात त्यांनी ते काढले. मुसलमान उस्तादाच्या शाळेचे नाव आर्य, आणि शिष्य बहुतेक ब्राह्मण-मराठ्यांची मुले! मुले तिथेच राहत. त्यांच्या खाण्यापिण्याची तोंडमिळवणी खाँसाहेब जलशांच्या पैशांतून करीत आणि ती कधी नीट होत नसे. टिपू नावाच्या एका कुत्र्याला त्यांनी सुरात ओरडायला शिकविले होते आणि त्याला जलशात लोकांपुढे आणले होते, असे सांगतात. हा भाग वाचून मी हसले. मग वाटले, शाळेसाठी पैसे गोळा करणाऱ्या माणसाला काय काय करावे लागते!

याआधीच कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे शिकून गेले होते. पुढे सवाई गंधर्व म्हणून जे नावाजले तेच हे. म्हैसूरला जाता-येता खाँसाहेब कुंदगोळच्या नाडगीरांच्या वाड्यात उतरत. रामभाऊंना त्यांनी वर्षानुवर्षे तोडी, मुलतानी, पूरिया अशा मोजक्याच रागांत घोळविले, असे म्हणतात. आम्ही एका सत्रात सहा राग करतो आणि त्यांतला एकही दुसऱ्या सत्रात आठवत नाही. पूरियात पंचम नाही. तेव्हा पूरिया शिकताना तंबोऱ्याची पहिली तार निषादावर न्यावी लागली असणार. निषादाच्या तारेतून तीव्र मध्यम हलकेच डोकावतो. पूरियाला तो हवाच असतो. तीच तार मालकंसाला चालणार नाही. तिथे मध्यम लावावा लागेल. म्हणजे तंबोरा रागागणिक वेगळा बोलतो आणि तो कसा बोलवायचा हे गायकाने गाणे सुरू होण्यापूर्वीच ठरवायचे असते. पाचव्या तारेबद्दलच्या आमच्या भांडणात हा विचार कोणीच केला नव्हता.

म्हैसूरच्या दरबाराने त्यांना संगीतरत्न केले. उत्तरेच्या गवयांपैकी फार थोड्यांनी दक्षिणेचे गाणे मनापासून ऐकले असेल. खाँसाहेब त्यांत अग्रणी होते. कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांनी आपल्या गाण्यात घेतली, त्यागराजांची एक कृतीही ध्वनिमुद्रित केली. आणि इकडे मराठी नाटकांची पदेही त्यांनी वर्ज्य मानली नाहीत. ‘मानापमाना’तले एक पद त्यांनी गायिले आहे. त्यांचे मराठी उच्चार थोडे परके वाटतात, पण दुसऱ्या ओळीपर्यंत उच्चारांकडे लक्षच राहत नाही.

आता एक गोष्ट लिहायची आहे, जी लिहू नये असे मला दोघांतिघांनी सुचविले. खाँसाहेबांचा आणि ताराबाईंचा संसार टिकला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावेही त्यांनी बदलली. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने, चंपाकली झाल्या हिराबाई बडोदेकर, सकीना झाल्या सरस्वती राणे. बापाचे नाव मुलांच्या नावातून पुसले गेले. हिराबाईंची तालीम सुरेशबाबूंकडे आणि वहीदखाँसाहेबांकडे झाली, वडिलांकडे नव्हे. विद्यालयही मोडले. दोष कोणाचा, हे शंभर वर्षांनी मी कोण ठरविणार? परंतु केसभर उतरलेली तार ज्यांना खटके, त्यांना घरातला बेसूर किती दिवस ऐकू आला नसेल, की ऐकूनही लावता आला नसेल, हा विचार मनातून जात नाही. चरित्रनायकाची बाजू घ्यायचीच असेल तर एवढे म्हणता येईल की, त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यात जी आर्तता आहे, ती पूर्वी तेवढी असेल असे वाटत नाही. पण हे समर्थन मला स्वतःलाच अपुरे वाटते. आश्चर्य असे की, नाव पुसले तरी गळे त्यांचेच राहिले. सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या शिष्या प्रभा अत्रे, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल, ही सारी नावे शेवटी त्या मिरजेच्या घरापाशीच येतात.

१९३४ पासूनच्या तीन-चार वर्षांत खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी तबकड्या गायिल्या. झिंझोटी, जोगिया, भैरवी यांतल्या त्या ठुमऱ्या ज्यांनी घडविल्या, ते तेव्हा साठी ओलांडलेले होते. आवाज बारीक, उंच पट्टीतला, कुठे जोर नाही. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तासभर आलापी करणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे समुद्र करवंटीत भरण्यासारखे. पण करवंटीतले पाणीही खारटच लागते. या तबकड्यांत तंबोरा ऐकू येतो न येतो. मी कान देऊन पुष्कळ वेळ शोधला. मग लक्षात आले की, तो गळ्यातच आहे. स्वर लागतो तेव्हा त्याच्या भोवती जी एक गुंजन करणारी कड येते, ती जवारी आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेला गायला गेले. तेथून पाँडिचेरीला, श्रीअरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी ते रेल्वेने निघाले. वाटेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या एका लहान स्टेशनावर ते शिष्यांसह उतरले. रात्रीची वेळ, अनोळखी मुलूख. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी तंबोरा गवसणीतून काढून लावायला सांगितला. तंबोरा लागला, त्यांनी दरबारीच्या सुरांत परमेश्वराचे नाव घेतले आणि तेथेच त्यांचे प्राण गेले. ती २७ ऑक्टोबरची तारीख. देह मिरजेला आणला आणि दर्ग्याच्या आवारात दफन केला. दर वर्षी उरुसात गवई तिथे अजून हजेरी लावतात.

दर्ग्यातून मी पुन्हा दुकानात गेले तेव्हा त्या कारागिरांनी दोन तंबोरे पुढे ठेवले होते, एक चार तारांचा, एक पाच तारांचा. मला डोळे मिटायला सांगून त्यांनी चार तारांचा छेडला. पंचम, षड्जाची जोडी, खर्ज. बराच वेळ छेडीत राहिले. मग कोणता स्वर ऐकू येतो, असे विचारले. मी गंधार म्हटले. आणखी? मी थांबले. पंचमाची तार त्यांनी एकटीच छेडली, कान भोपळ्याजवळ न्यायला लावला, आणि त्या तारेच्या पोटात, अगदी वर, निषाद होता. ज्या तारेसाठी आम्ही महिनाभर भांडलो, तिचा स्वर चार तारांतच बसलेला होता. जवारी नीट असेल तरच तो ऐकू येतो, हे त्यांनी बजावले. पाच तारांचा तंबोराही वाईट नव्हे, पूरिया-मारवा गाणाऱ्याला तो सोयीचा, पण मुलांचा कान तयार करायचा असेल तर आधी चार तारा लावायला शिकू द्या, असे त्यांचे मत पडले. पेटीविषयी त्यांनी एकच गोष्ट सांगितली. तिला लावावे लागत नाही, आणि लावताना जे शिकायचे ते म्हणून राहून जाते.

आम्ही चार तारांचा घेतला. येताना एस.टी.च्या वाहकाने त्याचे अर्धे तिकीट घेतले आणि मी तो कोल्हापूरपासून मालवणपर्यंत मांडीवर घेऊन बसले. पावसाळ्यात त्याला कोरड्या खोलीत, गवसणीत, तारा दोन सूर उतरवून ठेवायचे, हा नियम बाईंनी फळ्यावर लिहून टाकला आहे. माझी मैत्रीण पुढच्या वर्षी पाच तारांच्या तंबोऱ्यासाठी पुन्हा अर्ज करणार आहे. मी अजून मणी सरकवून पंचम जुळविते तेव्हा पंधरा मिनिटे जातात, आणि त्यांतली दहा मिनिटे तरी तार नाही, माझाच कान उतरलेला असतो.